घाट उतरताना: ‘ब्रेक निकामी’ या दोन शब्दांच्या मागे

घाटात ट्रकचा अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते: ‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला.’ एवढे वाचून आपण पान उलटतो. विजेचा लोळ पडावा तसा तो ब्रेक आभाळातून निकामी झाला, असाच आपला समज होतो. मुळशीत राहणाऱ्या आणि आयुष्यभर ताम्हिणी, पिरंगुट, खंडाळा, खंबाटकी उतरत आलेल्या माणसाला हे वाक्य पुरेसे वाटत नाही. ब्रेक निकामी होतो तो तापून, आणि तापायला त्याला वेळ लागतो. त्या वेळात काय काय घडते आणि कोण काय करू शकतो, ते एकदा नीट पाहायला हवे.

आधी जवळचीच उदाहरणे घेऊ. २० नोव्हेंबर २०२२ च्या संध्याकाळी पुण्यात मुंबई-बंगळूर महामार्गावर नवले पुलाजवळ एका मालवाहू ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचवण्यासाठी चालकाने त्या उतारावर इंजिनच बंद केले होते, असे पोलिसांच्या तपासात पुढे आले. ४ जुलै २०२३ रोजी धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला, बिजासन घाट उतरून आलेला कंटेनर वाहनांना उडवत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसे गेली. २६ जुलै २०२५ ला पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर खोपोलीजवळ एका कंटेनरने वीसच्या आसपास गाड्या चेपल्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा नवले पूल, पुन्हा उतारावरून आलेला कंटेनर. त्या वेळी आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. या साऱ्या ठिकाणांत एक गोष्ट समान आहे. धडक घाटाच्या मधल्या वळणावर झालेली नाही, ती उताराच्या पायथ्याशी किंवा त्याच्या जवळ, जिथे रस्ता सपाट होतो आणि वाहने दाटतात तिथे झाली आहे. उताराने वर जमवलेला हिशोब खाली येऊन फेडला जातो आणि तो फेडतात बहुधा दुसरेच.

मुळशीची परिस्थिती यापेक्षा जरा वेगळी आहे. पुण्याहून पौड रस्त्याने निघाले की आधी पिरंगुटचा छोटा घाट लागतो. तो छोटा असल्यामुळेच चालक त्याला गांभीर्याने घेत नाहीत. पुढे पौड, मग मुळशी धरणाचा काठ आणि ताम्हिणी गावानंतर खरा घाट. सह्याद्रीची कडा ओलांडून रस्ता विळे, निजामपूर करत माणगावला मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. दिघी बंदराकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग ७५३ एफ याच वाटेने पुण्याकडे चढतो. पायथ्याशी विळे-भागाड औद्योगिक वसाहतीत पोलादाचा मोठा कारखाना आहे, वर पिरंगुटची कारखानदारी आणि तालुक्यातले खडीचे क्रशर आहेत. एकेकाळी एसटी, दुधाच्या गाड्या आणि जंगलातला माल वाहणारे छोटे ट्रक एवढीच वर्दळ असलेल्या या वाटेवर आता अवजड वाहनांची ये-जा वाढत चालली आहे. त्यात पाऊस. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा दिवशी धुक्यात पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसत नाही. २० डिसेंबर २०२४ ला लग्नाला निघालेली खासगी बस याच घाटाच्या एका वळणावर उलटली आणि पाच माणसे गेली. ट्रक असो की बस, उतार वजनाकडे पाहतो.

हे वजन म्हणजे नेमके काय, ते आकड्यांत मांडू. तीन आसांच्या, म्हणजे दहा टायरांच्या ट्रकला मालासह एकूण वजनाची मर्यादा २५ टन होती. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये ती वाढवून २८.५ टन केली. असा भरलेला ट्रक ६ टक्के उतारावर, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना सहा मीटर खाली, ताशी ३० किलोमीटरने उतरतो आहे असे धरा. गुरुत्वाकर्षण त्या ट्रकला दर सेकंदाला जी ऊर्जा देत असते ती सुमारे १४० किलोवॅट भरते. टायरांचे घर्षण वजा केले तरी १२० किलोवॅट उरतात. आपल्या न्हाणीघरातला गिझर दोन किलोवॅटचा असतो. म्हणजे साठ गिझर एकाच वेळी चालू. ट्रकच्या सहा चाकजागांवर सहा ड्रम असतात. इंजिनाने काहीच रोखले नाही तर प्रत्येक ड्रमच्या वाट्याला दहा गिझरांची उष्णता येते, आणि ती एखाद्या मिनिटापुरती नसून उतार संपेपर्यंत चालू राहते. वेग दुप्पट केला की दर सेकंदाची उष्णताही दुप्पट होते. भार ठरावापेक्षा दहा टन जास्त असेल तर त्या प्रमाणात ती आणखी वाढते.

ड्रमला ही उष्णता वाऱ्यावर सोडून द्यायला वेळ हवा असतो. तो मिळाला नाही की तीन गोष्टी लागोपाठ घडतात. लायनर तापून त्याची पकड सैल पडते. पाय तेवढाच दाबला तरी गाडी पूर्वीइतकी थांबत नाही. लोखंडी ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून लांब जातो, त्यामुळे हवेच्या दाबाने लायनर ढकलणाऱ्या चेंबरचा दांडा जास्त बाहेर यावा लागतो. त्याची चाल मर्यादित असते. दांडा शेवटाला पोचला की पुढे दाबायला काही उरत नाही. तिसरी गोष्ट चालक घाबरल्यावर होते. तो ब्रेक पंपासारखा मारू लागतो आणि प्रत्येक दाबाला टाकीतली हवा खर्च होते. कॉम्प्रेसर ती तेवढ्या झपाट्याने भरू शकत नाही, मीटरचा काटा उतरतो, बझर वाजायला लागतो. कोणीतरी सांगितलेले असते म्हणून तो हँडब्रेक ओढतो. तोही त्याच तापलेल्या ड्रमांवर काम करतो. नंतर थंड झालेला ट्रक तपासला तर ब्रेक बऱ्याचदा ठीक दिसतो. ‘ब्रेकमध्ये दोष आढळला नाही’ आणि ‘ब्रेक लागला नाही’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, हे पंचनाम्यात कुठे लिहिलेले सापडत नाही.

मग उपाय काय? उपाय जुना आहे आणि एसटीच्या चालकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या शिकवला आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. आजची इंजिने जोरदार असल्याने चढताना वरचा गिअर चालून जातो. म्हणून उतरताना आणखी एक खालचा घ्यावा, असे जाणते चालक सांगतात. खालच्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरते आणि त्याची स्वतःची ओढ गाडी रोखून धरते. त्याला एक्झॉस्ट ब्रेकची जोड दिली, म्हणजे धुराच्या नळीतली झडप बंद केली, की साठ गिझरांचा मोठा वाटा इंजिनाच्या अंगावर जातो. ब्रेकला उरते ती अधूनमधून ताशी चार-पाच किलोमीटरने वेग खाली आणायची किरकोळ मजुरी. ती करताना ब्रेक हलका आणि सतत घासत ठेवायचा नाही. नीट दाबायचा, वेग उतरला की पूर्ण सोडायचा आणि ड्रमला श्वास घेऊ द्यायचा.

हा गिअर घाटाच्या माथ्यावरच पकडायचा असतो. उतारावर वेग आल्यावर गिअर बदलायला गेले आणि खालचा बसला नाही, तर गाडी दोन्ही गिअरांच्या मधे, न्यूट्रलमध्ये अडकते. भरलेला ट्रक अशा वेळी काही सेकंदांत हाताबाहेर जातो. अनेक अपघातांत चालकाची खरी चूक हीच असते, आणि ती खाली धडक बसण्याच्या कितीतरी आधी घडलेली असते.

आता कारखान्यातून निघालेला ब्रेक किती पेलू शकतो, ते पाहू. पौड रस्त्यावरून कोथरूड सोडताना उजव्या हाताला वेताळ टेकडी लागते. तिच्यावर १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय आहे. देशातली वाहने इथे तपासली जातात. अवजड वाहनांच्या ब्रेकसाठी संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांतील १३ क्रमांकाचा नियम अनेक देशांत आधार मानला जातो. त्यातली घाटाची चाचणी अशी आहे: गाडी पूर्ण भरलेली, उतार ६ टक्के, अंतर ६ किलोमीटर, सरासरी वेग ताशी ३०, आणि गाडी योग्य गिअरमध्ये. एवढे उतरल्यावरही ब्रेकमध्ये थांबवण्याची पुरेशी ताकद शिल्लक असली पाहिजे. या ओळी मी माझ्या ओळखीच्या प्रत्येक ट्रकमालकाला वाचून दाखवतो. कारखान्यातून बाहेर पडलेला उत्तम ब्रेक एवढ्यासाठीच सिद्ध झालेला असतो: ठरलेल्या वजनाला, ताशी तीसला, गिअरमध्ये. न्यूट्रलमध्ये, जादा भाराने, ताशी साठने दहा-बारा किलोमीटर उतरायचे वचन त्या ब्रेकने कोणालाच दिलेले नाही.

आता न्यूट्रलविषयी. यावर सर्वांत जास्त लिहायला हवे, कारण इथेच पैसा गुंतला आहे. बऱ्याच मालकांचा व्यवहार असा असतो की खेपेला ठरावीक डिझेल द्यायचे आणि वाचले तर ते चालकाचे. तुटपुंज्या पगारावर घर चालवणारा माणूस उतार दिसला की न्यूट्रल करतो, काही जण इंजिनच बंद करतात. आता यात वाचते किती? गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, तर आजच्या डिझेल इंजिनात इंधन जाणेच बंद होते. चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केले की इंजिनाला स्वतःहून फिरत राहावे लागते आणि त्यासाठी ते थोडे डिझेल पितेच. म्हणजे तीव्र उतारावर न्यूट्रलमुळे डिझेल थोडे जास्तच जळते. इंजिन बंद केले तर डिझेल वाचते, पण ते गिअरमध्येही जळत नव्हतेच. शिवाय हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि पॉवर स्टिअरिंग दगडासारखे जड होते. फायदा होतो तो पायथ्याला मिळालेल्या वेगाच्या जोरावर पुढचा सपाट रस्ता थोडा फुकट कापण्याचा. तेवढ्यासाठी चाळीस माणसांच्या गर्दीत मोकळा सुटलेला ट्रक घुसवायचा, हा सौदा चालकाने एकट्याने केलेला नसतो. डिझेलची बक्षिशी ठरवणारा मालक त्यात अर्धा भागीदार असतो, आणि पोलिसांच्या कागदावर त्याचे नाव शेवटी येते किंवा येतच नाही.

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीच्या माथ्यावर एका चहाच्या टपरीजवळ खडी भरलेला दहा चाकी उभा होता. पन्नाशीचा चालक गाडीभोवती फिरत होता. प्रत्येक चाकाजवळ थांबून त्याने हात ड्रमला न लावता फक्त जवळ नेला आणि ऊब पाहिली. मागच्या उजव्या चाकाशी तो जरा जास्त वेळ थांबला. मग वाकून हवेच्या टाकीखालची खीळ ओढली. फस्‌ करून हवेबरोबर पाणी गळाले. केबिनमध्ये चढून त्याने ब्रेक दाबून धरला आणि मिनिटभर मीटरकडे बघत बसला.

“दादा, कितव्या गिअरात उतरणार?” मी विचारले.

“दुसऱ्या. मधल्या वळणांत पहिल्यातसुद्धा.”

“मागून येणारी पोरं तर तिसऱ्या-चौथ्यात जातात.”

“जाऊ द्या की साहेब. माणगावला चहा तेवढाच गरम असतोय. मी पंधरा मिनिटांनी पोचेन.”

त्याचा हिशोब बरोबर होता. दहा किलोमीटरचा उतार ताशी २० ने अर्ध्या तासात होतो, ताशी ४० ने पाव तासात. सगळा खेळ पंधरा मिनिटांचा आहे. मागच्या उजव्या चाकाचा ड्रम बाकीच्यांपेक्षा गरम का लागला, ते मात्र तो मालकाला सांगणार होता आणि मालक ते ऐकणार की नाही, याची त्याला खात्री नव्हती. स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे लायनर आणि ड्रममधले अंतर जुळवणारा भाग, सगळ्या चाकांना सारखा बसवलेला नसला तर एकच चाक सगळे ओझे ओढते. गॅरेजात हे काम अर्ध्या-पाऊण तासाचे असते.

त्या चालकाने स्वतःहून जे केले, ते रेल्वेने शिस्त म्हणून दीडशे वर्षांपूर्वी लावले. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्याचा चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे जेमतेम पावणेतीन टक्के. आपल्या रस्त्याच्या घाटांच्या निम्म्याहून कमी. तरीही त्या घाटात ‘कॅच सायडिंग’ बांधल्या गेल्या. ताबा सुटलेली गाडी चढावर चढून आपोआप थांबावी म्हणून काढलेले हे फाटे. उतरणाऱ्या गाड्यांनी मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी थांबून ब्रेक तपासून पुढे जायचे, ही पद्धत कर्जत-लोणावळा प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने खिडकीतून पाहिली आहे. निर्जन ठिकाणी गाडी का थांबली म्हणून आपण कुरकुरतोही. त्याच घाटात जुन्या रस्त्याकडेला शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे ते स्थान, अशी लोकांची श्रद्धा आहे आणि चालक तिथे नाणे टाकून पुढे जातात. त्या नमस्काराबरोबर चाकांवरून हात फिरवण्याची चाल पडली असती, तर केवढे बरे झाले असते.

रस्त्यावर ‘कॅच सायडिंग’चे काम करते ती सुटकेची मार्गिका: उताराच्या कडेला वर चढत जाणारा किंवा गोल बारीक खडीने खोलवर भरलेला फाटा. चाके खडीत रुततात आणि ट्रक चालकासह जिवंत थांबतो. अमेरिकेच्या डोंगराळ राज्यांत ती सर्रास आहे. पण ती असूनही भागत नाही. एप्रिल २०१९ मध्ये कोलोरॅडोतल्या लेकवूड इथे ब्रेक गेलेला ट्रक अशा मार्गिकेजवळून तसाच पुढे गेला आणि खालच्या वाहनांत घुसून चार माणसे मेली. तरुण चालकाला ११० वर्षांची शिक्षा झाली, लाखो लोकांनी तिच्याविरुद्ध सह्या केल्या आणि राज्यपालांनी ती दहा वर्षांवर आणली. मार्गिका कशी दिसते, कधी घ्यायची, घेतल्यास दंड होतो का, हे कोणीतरी चालकाला आधी सांगितले पाहिजे. भोसरीत केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे, तिच्यासारख्या ठिकाणी चालकांचे प्रशिक्षणही होते. अवजड परवाना देताना मात्र खरा, भरलेला ट्रक खऱ्या घाटातून उतरवून पाहण्याची परीक्षा होत नाही. ती व्हायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे.

रस्ता बांधणारेही यातून सुटत नाहीत. मध्य प्रदेशात आग्रा-मुंबई मार्गावरच्या गणपती घाटात वर्षानुवर्षे ट्रक सुटत राहिले. शेवटी २०२४ मध्ये उतार कमी करणारा नवा रस्ता खुला करावा लागला. म्हणजे तिथला दोष आधीच्या आखणीतही होता, हे मान्य झाले. आपल्या द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे मेली होती. त्यानंतर रस्त्यातले धोके हुडकून दुरुस्त करण्याचे, कठडे आणि खुणा लावण्याचे, वेगावर लक्ष ठेवण्याचे काम सलग झाले आणि पुढच्या काही वर्षांत हा आकडा निम्म्याहून खाली आला. काम केले की माणसे वाचतात, हे इथेच सिद्ध झाले आहे.

जादा भाराबद्दल कायदा पुरेसा कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. क्रशरच्या फाटकावर वजनकाटा असतो, तो पैसे मोजण्यासाठी वापरला जातो. त्याच काट्याची पावती उताराच्या माथ्यावर दाखवायची सक्ती केली, तर नवा कायदा करावा लागणार नाही.

वाचकांपैकी बरेच जण ट्रक चालवत नसतील, पण जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे पाहायला ताम्हिणीत गाडी घेऊन नक्की येत असतील. तुमच्याशीही बोलायचे आहे. वळणावर गाडी उभी करून फोटो काढू नका. वरून येणाऱ्या भरलेल्या ट्रकला तुमच्यासाठी एकदम थांबता येत नाही. उतरणाऱ्या ट्रकपुढे मोकळी दिसणारी जागा त्या चालकाने मुद्दाम राखलेली असते, तिच्यात घुसू नका. ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये रखडत असेल तर मागून हॉर्न वाजवून त्याला घाई करू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा २०१७ च्या वाहनचालन नियमांतला नियम तुम्हालाही लागू आहे.

ताम्हिणीत आपण अजून वेळेत आहोत. नवले पुलासारखी गर्दी या घाटाच्या पायथ्याशी अजून जमलेली नाही. घाटमाथ्यावर एक सपाट जागा आखून अवजड वाहनांना पाच मिनिटांचा सक्तीचा थांबा, पहिल्या-दुसऱ्या गिअरची सूचना देणारा मराठी-हिंदी फलक, उताराची टक्केवारी आणि पुढच्या वळणांचे अंतर दाखवणाऱ्या पाट्या आणि पायथ्याआधी खडीची एक सुटकेची मार्गिका, एवढी कामे राष्ट्रीय महामार्गाच्या अधिकाऱ्यांनी आणि पुणे-रायगडच्या दोन्ही जिल्हा प्रशासनांनी मिळून हाती घ्यावीत. ट्रकमालकांना विनंती आहे की डिझेलची बक्षिशी बंद करून तेवढी रक्कम चालकाच्या पगारात घाला, आणि तो एखादे चाक गरम लागते म्हणून सांगत आला तर गाडी त्याच दिवशी गॅरेजला पाठवा.